जांभळ्या साडीचे लंगोट

हॅलो?

कोण?… अगं, सुलूताई. तू होय. थांब हं, जरा नीट बसते.

नाही गं, झोपले नव्हते. … म्हणजे भिंतीला टेकून बसले होते, लागला असेल डोळा. हल्ली बसल्या बसल्या लागतो. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवलेली असते, मी झोपले तरी पाय आपला हलत राहतो.

हो, झोळीतच आहे आरोही. आत्ताच निजलीय, म्हणून तर हळू बोलतेय. … ऐकू येत नसेल तर तू तिकडचा टीव्ही बंद कर ना, मी काय ओरडू?

हां. आता कसं.

जेवले. वरण-भात आणि मेथी, सासूबाईंनी केलं सगळं. … स्वरूप घरीच आहे, सेकंड शिफ्ट आहे त्याची. आंघोळीला गेलाय. आंघोळ झाली की निघेल कारखान्यात.

ऊन? … काय सांगू तुला. तुमच्या चिपळूणला निदान झाडं आहेत. इथे गॅलरीच्या दारातून मिठागरं दिसतात. मिठाचे ते पांढरे ढीग, एका रांगेत. दुपारी त्यांच्याकडे बघवत नाही आणि नजरही काढवत नाही. सगळं हलतं गं, वाफेसारखं. मघाशी मला वाटलं, आई चाललीय तिथून. बांधावरून. पदर खोचलेला, हातात बादली, जणू कपडे वाळत घालायला निघालीय…

काय? … नाही गं, वेड नाही लागलं. झोप नाही झाली की दिसतं काहीबाही. … जांभळी होती अंगावर. तीच, जिचे लंगोट केले.

हं.

काय म्हणत होते मी? … हो, आरोहीचं. तू त्यासाठीच फोन केलायस, माहितीय मला. … बरं नाही गं. कालच्यापेक्षा जास्तच आहे. बूड लालबुंद, आणि मांडीच्या घडीत तर बघवत नाही. लंगोट सोडायला घेतला की आधीच अंग आक्रसून घेते बघ, हात लागायच्या आधी. एवढंसं पोर, तीन महिन्यांचं. त्याला कळायला लागलंय, आता आई दुखवणार.

नाही रडत. … नाही रडत म्हटलं ना. तू विचारलंस म्हणून आवाज तसा झाला.

दाखवलं की डॉक्टरांना. त्यांनीच क्रीम दिलंय. … पांढरं, घट्ट. ट्यूब दाबून दाबून काढावं लागतं. … लावते की. दर लंगोटाला लावते. … कसं म्हणजे? बोटावर घेते आणि लिंपते. आई चूल लिंपायची तसं. … हसू नकोस ना. डॉक्टर म्हणाले होते पातळ लावा. पण लाल दिसलं की हात थांबत नाही ताई. वाटतं, अजून थोडं लावलं तर अजून लवकर बरं होईल.

लंगोट?

लंगोट आज जाणार.

जाणार म्हणजे जाणार. सासूबाईंनी सगळे पिवळ्या पिशवीत भरलेत, पिशवी दाराशी आहे. स्वरूप जाताना घेऊन जाईल, गोडदेवला, कारखान्यात. स्टीलची ताटं-वाट्या पॉलिश करतात ना तिथे, त्यांना पुसायला जुनं सुती कापड लागतंच. … हो. आईच्या साडीने ताटं पुसणार.

अगं ऐक ना… ऐक तर. त्या वाईट नाहीत. तू लगेच चिडू नकोस. दिवसभर पोरीला मांडीवर घेऊन बसतात, मला म्हणतात तू नीज. पण त्यांच्या मनात ते बसलंय. बाळाला जुनंच कापड घालावं, नवं नको, हे त्यांनाही मान्य आहे. फक्त त्या म्हणतात, जित्या माणसाचं घालावं. गेलेल्या माणसाचं कापड कोवळ्या अंगाला सोसत नाही म्हणतात. … हो, आईने स्वतः काढून ठेवली होती, तेही सांगितलं. आजारी होती तरी ती साडी वेगळी बांधून ठेवली, समूच्या बाळाला म्हणून, सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाल्या, तिची माया खरी, पण पोरीचं अंग उठलंय तेही खरंच आहे ना. खरंच आहे ते.

त्यांनी स्वतःची हिरवी साडी फाडली ताई. चांगली होती गं, अजून नेसायच्या त्या. माझ्यासमोर कात्री घेतली आणि लंगोट केले. आता मी कुठल्या तोंडाने म्हणू की पिशवी सोडा?

आणि खरं सांगू? … मलाही वाटायला लागलंय. दुपारी आई दिसते, रात्री दिसते, मला वाटतं मीच तिला धरून ठेवलंय की काय. मी तिला सोडत नाहीये आणि त्याचं पोरीला भोगायला लागतंय. तू नको सांगूस हे कुणाला.

ताई?… आहेस ना?

हं. … हं. … काय विचारतेस? हाताला कसे लागतात? … लंगोट ना? सुकल्यावर जरा… कडकही नाही, गुळगुळीत. मेणकापडासारखे म्हटलंस तरी चालेल. आधी किती मऊ होते ते. … ओले? हो, तेच विचित्र आहे. तिने शू केली की लंगोट मध्ये भिजतच नाही. सगळं कडेने मांडीवरून ओघळतं आणि खालचं दुपटं चिंब होतं. सासूबाई म्हणतात, मी बांधते सैल. … नाही गं, घट्टच बांधते.

धुते मीच. कुणाला हात लावू देत नाही. … थंड पाण्यात. … नाही, गरम नाही. गरम कसं घालीन? आईच्या त्या साडीचा रंग कच्चा आहे, विसरलीस का? आई कधी ऊनसुद्धा लागू द्यायची नाही तिला, मागच्या पडवीत सावलीत वाळत घालायची. मी पण तेच करते. अंगाच्या साबणाने हलक्या हाताने धुते आणि गॅलरीत आतल्या दोरीवर टाकते. अगं, अजून जसाच्या तसा रंग आहे. जांभळं खाऊन जीभ होते ना, तसा. वाळत घातले की वाटतं आईच नेसून उभी आहे, घडी घडी होऊन…

काय? … पुन्हा बोल.

क्रीम?

क्रीम कशाला बसेल लंगोटाला? ते तर तिच्या अंगाला लावते मी. … हो, अंगाचं कापडाला लागत असेलच की, पण धुते ना रोज. … थंड पाण्यात, हो. अंगाच्या साबणाने, हो. सांगितलं ना आत्ता.

…

तुपाचं भांडं? … थंड पाण्याने नाही निघत तुपाचं भांडं.

नाही निघत.

थांब ताई. थांब, थांब. मला जरा हळूहळू सांग, माझं डोकं चालत नाही दुपारी. म्हणजे ते क्रीम मुळातच पाणी अडवायला असतं, अंगावर. आणि तेच कापडावर बसलं तर कापड पाणी पीतच नाही. मग तिची शू तिच्याच अंगाशी साचून राहते, अंग अजून लाल होतं. आणि मी अजून क्रीम लावते. … आणि अजून बसतं. … हो, कळलं. कळलं गं.

पण तुला कसं ठाऊक?

साईराज तान्हा होता तेव्हा? तुझंही असंच झालं होतं? मला कसं आठवत नाही. … हो, मी कॉलेजात होते तेव्हा. … थेंब टाकून बघू? कुठे, लंगोटावर? … साधं पाणी. बरं. एक मिनिट, पायातली दोरी सोडवते… अशी. नाही जागी झाली.

एक लंगोट आहे इथे उशाशी, धुतलेला, कोरडा. पिशवीत जायचा राहिलाय. … तांब्या आहे जवळ. बोट बुडवते. … हं, टाकला.

…

बसून राहिलाय.

ताई, थेंब बसून राहिलाय. अळवाच्या पानावर बसतो तसा. गोल. हलवला की पळतोय इकडून तिकडे.

अगं बाई.

…

नाही, ऐकतेय. बघत होते नुसती. किती सुंदर दिसतोय आणि किती… बोल तू. … कोरं कापड? त्याच साडीचं, ज्याला क्रीम लागलेलं नाही असं? आहे ना. थोडी साडी राखलीय मी, पदराकडची. फाडवेना म्हणून. कपाटात, माझ्या कपड्यांच्या खाली. … सासूबाईंना माहीत नाही. … थांब, कपाट करकरतं, हळू उघडायला लागेल.

आणला तुकडा. ह्याच्यावर टाकते. … टाकला.

गेला. टाकल्या टाकल्या गेला. ओला डाग राहिलाय फक्त.

हो. … हो, आणि अजून एक करून बघते, माझ्याच मनात आलंय. सासूबाईंच्या साडीचा लंगोट. तो आठवडाभर वापरतोय आम्ही. पण तो मी एकटीने नाही करणार, त्यांच्यासमोर करते. आई, जरा इथे येता का? … तुला नाही गं ताई, सासूबाईंना हाक मारतेय. तू धरून ठेव.

आई, बसा ना इथे. सुलूताई आहे फोनवर. … हो, बरी आहे, तुम्हाला नमस्कार सांगतेय. आई, हा बघा माझ्या आईच्या साडीचा लंगोट, धुतलेला. थेंब टाकते हं. … बघितलंत? आत जात नाही. … आता हा तुमच्या हिरव्या साडीचा. तुम्हीच टाका.

…

ताई, तसाच. तसाच बसलाय थेंब. जरासा पसरलाय, पण बसलाय.

त्या बघतायत. … लंगोट उचलून उजेडाला धरलाय, वास घेतायत. … आई, कापडाचं काही नाही हो. तुमचं काय नि तिचं काय. माझं क्रीम बसलंय सगळ्यांवर. मी लिंपलं, आणि वर थंड पाण्यात धुतलं.

…

अहो आई, तुमचंही काही चुकलं नाही. कुणाच्याही मनात आलं असतं. बसा ना. उठलात का?

पिशवी? … दाराशीच ना?

ताई, पिशवी नाहीये दाराशी. स्वरूप गेला वाटतं. आरोही उठू नये म्हणून गुपचूप निघाला, बघ. दार ओढल्याचा आवाजही नाही आला. … कधी काय, आत्ताच गेला असणार, पाण्याचा आवाज येत होता ना मघापर्यंत. थांब, गॅलरीत जाते.

दिसतोय. दिसतोय गेटपाशी, पिवळी पिशवी हातात आहे. रिक्षाला हात करतोय. … सासूबाई हाका मारतायत. त्याला ऐकू जात नाहीये, समोर कुणाच्यातरी घरी ड्रिल चाललंय. … मी कशी ओरडू गं, पोरगी उठेल.

उठू दे, हो. उठू दे. थांब.

हंसाबेन… ओ हंसाबेन… जरा स्वरूप को रोको ना. गेट पे है. हां हां, वो पीली थैली… थैली वापस चाहिए बोलो. … अरे जल्दी बोलो ना, रिक्षा में बैठ रहा है.

…

ताई, थांबवला. पहिल्या मजल्यावरच्या हंसाबेन, त्यांनी अशी हाक दिली, रिक्षावालासुद्धा दचकला. … वर बघतोय. हात हलवून विचारतोय काय झालं. … अहो, पिशवी. पिशवी राहू द्या. … नाही, वर येऊ नका, उशीर होईल. दोरी सोडतोय आम्ही.

भाजीची दोरी गं. भाजीवाला आला की आम्ही गॅलरीतून पिशवी सोडतो, तीच. सासूबाईंनी आणलीसुद्धा. सोडतायत खाली. … तो बांधतोय. त्याला काही कळलेलं नाही, बिचारा. रिक्षावाला त्याला गाठ शिकवतोय.

मी नाही ओढत, सासूबाई ओढतायत. मला हात नाही लावू देत. म्हणाल्या, मी भरली होती, मीच वर घेते.

…

येतेय ताई. वर येतेय. फिरतेय उन्हात. हंसाबेननी मधे हात घालून सरळ केली. … पिशवीच्या तोंडातून जांभळं दिसतंय. मला आपली शाळेत असतानाची आठवण येतेय, आई विहिरीतून कळशी ओढायची आणि मला म्हणायची, वाकू नकोस, येतेय ती. … येतेय.

आली. धरली त्यांनी. पोटाशी धरून उभ्या आहेत.

आई, रडताय कशाला हो. … ताई, आता मीच रडले तर चालेल ना? तशी मघापासून रडतेच आहे.

हं.

नाही, झोळी हलली नाही. एवढं झालं तरी निजलीय. बापावर गेलीय.

बरं, आता सांग. काय करायचं ते नीट सांग, मी सासूबाईंना सांगते. … भांडी घासायचा साबण. आई, भांड्याचा साबण म्हणते ती. … तो लंगोटाला चोळायचा, मग गरम पाणी, मग पुन्हा चोळायचा. तेलकट सुटेपर्यंत. … आणि मग उकळायचे? उकळायचेच? नुसत्या कोमट पाण्याने नाही निघणार?

ताई, रंग जाईल गं.

…

माहितीय मला. पोरीचं अंग मोठं की रंग मोठा, कळतं मला. तू असं तोडून नको बोलूस. तुझ्याकडे आईचं शिलाई मशीन आहे, रोज त्यावर पाय ठेवतेस तू. माझ्याकडे एवढंच आहे. फोटोत तिचा चेहरासुद्धा नीट नाही आलेला, उन्हाने डोळे बारीक केलेत. ही साडीच तेवढी तिच्यासारखी आहे. रंग गेला की नुसती फडकी राहतील.

…

बोल ना. मी काही लागेल असं बोलले का?

काय? … कुठलं फडकं? पापडांवर झाकायचं? … हो, आठवतं की. पांढरं, मोठं. उन्हाळ्यात माळ्यावरून काढायची ती. त्याचं काय?

पिवळी साडी होती ती?

कुठली पिवळी… लग्नात मामाने दिलेली? तिची तर आई आठवण काढायची, कुठे गेली विचारलं की हसायची नुसती. … साईराजच्या लंगोटांना वापरली, नंतर तेच जोडून फडकं शिवलं? तिने स्वतःच्या हाताने उकळली? … तू नको म्हणालीस तरी?

काय म्हणाली ती तेव्हा? तिच्या शब्दांत सांग मला. … पुन्हा सांग. … "रंग मी पुष्कळ मिरवला, आता पोराला कोरडं राहू दे."

…

अशीच म्हणाली असेल. मान न वळवता, चुलीकडे बघत.

मला ते फडकं पांढरंच वाटायचं गं. मला वाटायचं, ते पहिल्यापासून पांढरंच होतं.

…

हं. उकळते.

आई, मोठं पातेलं काढा ना, आंघोळीचं पाणी तापवतो ते. … त्यांनी आधीच चढवलंय बघ. तू बोलत होतीस तेव्हाच. साबण चोळायलाही बसल्या मोरीत. मोरी तशी दारालगतच आहे, दिसतायत मला. … ताई, मी किचनच्या उंबऱ्यात उभी आहे. आत गेले तर रेंज जाईल. इथूनच सांगते तुला.

खसाखसा चोळतायत. माझ्यासारखं कुरवाळत नाहीत. … हो, पाणी पांढरट निघतंय. दुधासारखं. सगळं क्रीमच आहे ते. बाई गं, अर्धी ट्यूब असेल. … सासूबाई म्हणतात, एवढ्यात भिंतीला चुन्याचा एक हात झाला असता.

हसू नकोस, मला पण हसू येतंय.

सांग तू, पुढचं सांग तोवर. … मध्ये पट्टी घालायची? कसली? … अंगाला क्रीम, मग मऊ कापडाची पट्टी, मग लंगोट. म्हणजे क्रीम पट्टीला लागेल, लंगोट वाचेल. आणि पट्ट्या वेगळ्या उकळायच्या. … स्वरूपचे जुने बनियन चालतील ना? ढीग आहे. … आणि क्रीम नखाएवढं. नखाएवढंच, शपथ. लाल दिसलं तरी. … आणि दुपारी थोडा वेळ उघडीच ठेवायची, वारा लागू द्यायचा. ते करते, ते तिला आवडतं. पाय वर करून पंख्याकडे बघत बसते. काय बघते देव जाणे. मी पण तिच्याशेजारी पडून बघते, मला तर काही दिसत नाही.

टाकले त्यांनी पातेल्यात. … थांब.

…

सुटतोय ताई. रंग सुटतोय.

आधी कडेने आला. आता सगळीकडे. त्या चमच्याने हलवतायत आणि खालून वर येतोय. … कसं सांगू? सणाच्या दिवशी आई न्हाऊन आली की ओल्या केसांनी उभी राहायची ना दारात, जांभळी नेसून… तसंच. तसाच रंग. आता सगळं पातेलं त्या रंगाचं झालंय. वाफ येतेय आणि वाफ मात्र पांढरी.

मी बघतेय. नाही, बघायचं आहे मला. तूही असतीस तर बरं झालं असतं. … ऐक, खदखदणं ऐकू येतं का? फोन पुढे करते. … आलं? … हं. तेच.

…

आई, एक काढा ना चिमट्याने. बघू या. गार पाण्यातून काढा. … त्यांनी पिळला. झटकला. … फिका झालाय गं. अगदी फिका, पहाटेच्या आकाशासारखा म्हण. काठ तेवढा दिसतोय अजून. … इस्त्री फिरवून सुकवतायत तो. हं, सुकला बऱ्यापैकी. आणा इकडे. मी टाकते थेंब.

…

गेला.

आत गेला ताई. बसला नाही. पुन्हा टाकते. … पुन्हा गेला. पितंय गं कापड. मऊ झालंय, पहिल्यासारखं. आई आजारपणात गालाला हात लावायची ना, तसं लागतंय.

सासूबाईंनी हातात घेतलाय. म्हणतात, बाईने कापड पारखून ठेवलं होतं हो. … ऐकलंस ना तू? तुझ्या कानावर पडलं ना? बास. मला दुसरं काही नको.

पाणी ओतायचं राहिलंय. ते जांभळं. … मला नाही ओतवत. … हो, त्याच ओततील. ओता आई. … जातंय मोरीतून. गेलं.

…

अगं, उठली. उठली बघ आरोही. थांब, झोळीकडे जाते. … ओ ओ ओ, आले मी, आले. ओली झालीस? … चिंब आहे गं. दुपटंसुद्धा. कोरडा लंगोट पाहिजे आणि जांभळे सगळे पातेल्यात आहेत, हिरव्यांवर तर क्रीम बसलंय. एकच काय तो इस्त्रीचा, तोही दमट आहे अजून.

…

आहे. तो राखलेला तुकडा आहे, पदराकडचा. हो, माझ्या खांद्यावरच आहे मघापासून.

ताई, अर्धा तुला ठेवू? तुला काहीच नाही मिळालं जांभळीतलं. … नको? … नक्की नको? मग नंतर म्हणू नकोस. … बरं. सगळ्याचे करते.

फाडतेय. … ऐकलास आवाज?

किती सहज फाटली गं. मला वाटलं होतं, फाडवणारच नाही.

ठेवते आता. पोरगी उघडी पडलीय, तुकड्याकडेच बघतेय. … हो, पट्टी मध्ये. हो, नखाएवढंच. … हो गं ताई, निजेन मग मी. आज निजेन.